घरबसल्या उपचार

घरबसल्या हा शब्द मला आता ऐकवत नाही. घरबसल्या बँक, घरबसल्या भाजी, घरबसल्या डॉक्टर! घरात बसलेली बाई बघितलीय का कुणी? पलूसच्या आमच्या घरात तरी मी अजून बघितलेली नाही.

माझी कंबर धाकटी लेक झाल्यापासून धरली. आधी नुसती वाकताना दुखायची, मग उठताना, मग बसलं तरी. फोटो काढले, त्यात मोठं काही निघालं नाही. झालं! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्या दिवसापासून माझं दुखणं म्हणजे माझी थेरं ठरली. आमचे हे फौजेत. सुट्टीवर आले तेव्हा मला भिंतीला धरून चालताना त्यांनी बघितलं आणि सांगलीला एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेऊन घातलं. एवढं मात्र त्यांनी केलं, नाही म्हणणार नाही.

त्या दवाखान्यातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या सासूबाईंना, आत्यांना, बाहेर बाकावर बसवलं आणि पडदा ओढून घेतला. पाठीवर हात ठेवून विचारत गेल्या, "इथं? का इथं?" हात नेमका दुखऱ्या जागी पोचला तेव्हा मला हुंदकाच फुटला. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला काय करता यायला पाहिजे?" आता काय सांगायचं! मला काय पाहिजे असं लग्न झाल्यापासून कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "कोयनानगरला आईकडं जायचंय. एस्टीत बसवत नाही."

आई तिकडं एकटी. वडील धरणाच्या कामावर होते, ते गेल्यावरही तिनं ती जागा सोडली नाही. डोळे अधू होत चाललेले. पाटणच्या पुढं वळणं सुरू झाली की माझ्या कंबरेत कळ जायची ती डोळ्यांपुढं अंधारी येईपर्यंत, म्हणून दोन दिवाळ्या मी तिकडं फिरकले नव्हते.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला खुर्चीवर बसवून एस्टीत कसं बसायचं ते शिकवलं. पाय फाकवून रोवायचे, टॉवेलची गुंडाळी पाठीशी घ्यायची, गाडी थांबली की उठून उभं राहायचं. लाज वाटायचं कारण नाही म्हणाल्या. आणि व्यायाम दिले. आठवड्याला एकदा मी एकटी सांगलीला जायला लागले. हळूहळू पलूस ते सांगली न उठता बसवायला लागलं. मी आईला फोन करून सांगितलं, उन्हाळ्यात येते म्हणून.

तेवढ्यात घरात कुरकुर सुरू झाली. आत्या फोनवर ह्यांना म्हणाल्या, "दर आठवड्याला सांगलीला जायाला हिला काय कोर्टाची तारीख हाय व्हय रं?" त्यांच्या लेकरानं तिकडनं लगेच तोड काढली. आता सगळं मोबाईलवर होतं म्हणे, दुसऱ्या एक म्याडम आहेत, त्या समोर बघून व्यायाम करून घेतात, जायची-यायची दगदग नाही. त्यांना वाटलं बायकोचे हाल वाचवले. अहो, कसले हाल! त्या एस्टीची खिडकी आणि तो पडदा एवढंच तर माझं होतं.

माझ्या फोनची काच फुटलेली, म्हणून सासऱ्यांचा, मामांचा मोठा फोन घ्यायचा ठरलं. रेंज फक्त बाहेरच्या सोप्यात, आणि सोप्यात मामांची खुर्ची. सासऱ्यांपुढं सुनेनं पाठ टेकायची नाही हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही, ते नांदायला आल्या दिवसापासून कळतं. आजारी सून आत माजघरात पडते, बाहेर नाही. आणि इथं मी चटईवर उताणी, डोक्यावरनं पदर, मामा पायरीवर तोंड फिरवून बसलेले, आत्या फोन धरून उभ्या, आणि फोनमधली ती पोरगी गोड आवाजात म्हणतीय, "आता दोन्ही गुडघे छातीशी घ्या."

कसे घेऊ? लुगड्यात, सासरा दोन हातांवर बसलेला असताना? मी चार बोटं गुडघे उचलले. "अजून थोडे," ती म्हणाली. मी पाय हलवला रे हलवला की आत्या फोन वर पत्र्याकडं फिरवायच्या. परक्या माणसानं सुनेचे पाय कशाला बघायचे, असा त्यांचा हिशोब. "ताई, मला दिसत नाही," ती पोरगी ओरडायची. "केलं, केलं, झालं तिचं," आत्या पत्र्यालाच दाखवत सांगायच्या. असे माझे व्यायाम झाले. पत्र्याची कंबर तेवढी मोकळी झाली असेल.

पहिल्याच दिवशी तिनंही विचारलं होतं, "तुमचं उद्दिष्ट काय? काय करता यायला हवं?" मी तोंड उघडलं तोवर आत्या म्हणाल्या, "आवं, वैरणीचा भारा उचलता आला की झालं की!" मी म्हणाले, "न्हाई, मला..." आणि पायरीवरनं मामा खाकरले. मामा खाकरले की आमच्या घरात बायकांनी गप्प व्हायचं असतं. "आजी, त्यांना बोलू द्या," पोरगी म्हणाली. वाईट नव्हती ती. पण खाकरणं काही तिला ऐकू गेलं नसावं, आणि मी गप्पच आहे म्हटल्यावर तिनं माझं उद्दिष्ट म्हणून भाराच धरला.

मग ती समजावून सांगायला लागली. दुखलं म्हणजे आत काही मोडलं असं नसतं, घाबरून पडून राहू नका, रोजची कामं हळूहळू वाढवत न्या. सांगलीच्या बाईंनीही मला हेच सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. पण त्यांनी पडद्याआड सांगितलं होतं, मला एकटीला. हिनं सगळ्या घराला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी विळा हातात दिला. "म्याडमच म्हणाल्या न्हवं, पडून ऱ्हायाचं न्हाई?" त्यातलं हळूहळू कुठं गेलं, मी विचारलं. चुलीपुढं बसलेल्या माझ्या जावेच्या तोंडावर हसू फुटलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, पण विळा घेतलाच.

धाकटी बहीण उंब्रजला शाळेत शिकवते. तिचीही कंबर गेलेली, आणि ती ह्याच पोरीकडनं फोनवर व्यायाम करून टुणटुणीत झालेली. मी तिच्याकडं रडगाणं गायले तर ती माझ्यावरच उखडली. "तायडे, सांग की तिला स्पष्ट! मी सगळं सांगते तिला, रडतेसुद्धा."

"तू कुठं बसून करतीस?"

"माझ्या खोलीत. कडी लावून."

"आणि चहा?"

"हे करतात की त्या वेळी."

मी फोन ठेवला. तिला काय दुखतंय हे तिचं तिला सांगता येत होतं, आणि मला काय दुखतंय ते माझ्या वतीनं माझी सासू सांगत होती. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. सख्ख्या बहिणीचा हेवा वाटला.

शेवटच्या दिवशी त्या पोरीला मला भारा उचलताना बघायचं होतं. आत्यांनी हौसेनं अंगणात भारा आणून टाकला. मी शिकवल्यासारखी खाली बसले, भारा छातीशी ओढला आणि उठले. कंबरेतनं कळ थेट टाचेपर्यंत गेली. पदराआड मी दात-ओठ खात होते. त्या वेळी मात्र फोन तसूभर हलला नाही. "अभिनंदन ताई, जमलं तुम्हाला!" पोरगी टाळ्या वाजवत होती. मामासुद्धा तोंड वळवून बघत होते.

उन्हाळा लागला तशी मी आत्यांना म्हणाले, "कोयनानगरला जाऊन येते." आधीची दोन वर्षं त्या म्हणायच्या, कंबर धरलीय तर घाटातनं कुठं जातीस. आता म्हणाल्या, "एवढी बरी झालीस आन् आता म्हायेर सुचतंय? हितली कामं कोण करील?" त्याच तोंडानं! ह्यांना फोन केला तर म्हणाले, "आईशी बोल, मी इतक्या लांबनं काय करू?" बायकोचा इलाज मात्र तिथं बसून ठरवता आला होता.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापून ठेवल्या, पिशवी घेतली आणि कराडच्या गाडीत बसले. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. कराडहून दुसरी गाडी. पाटण मागं पडलं तसा प्रत्येक वळणाला जीव कासावीस व्हायला लागला. दोनदा उभी राहिले. एकदा कंडक्टर म्हणाला, "मावशी, बसा की!" मी त्याच्याकडं असं काही बघितलं की तो पुढं निघून गेला. दुखत होतं आणि मला आनंद होत होता, दोन्ही खरं.

आई दारातच होती. जवळ जाईपर्यंत तिनं मला ओळखलं नाही. मग चेहऱ्यावरनं हात फिरवला, गाल चाचपले, डोळे पुसले. "कंबर बरी झाली?" तिनं विचारलं.

"व्हय."

"सासूला इचारून आलीस न्हवं?"

जिच्यासाठी एवढं केलं तिनंसुद्धा मला पाणी द्यायच्या आधी हेच विचारलं. "व्हय," मी म्हणाले, आणि उंबऱ्यातच बसले, कारण आता उभं राहवत नव्हतं.