गाडी घसरली नव्हती

भूमजवळच्या वाशीला घराच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते, तेव्हा महेशचा फोन आला. महेश माझा भाचा, अण्णांचा एकुलता एक. "आत्या, अण्णांची गाडी घसरली," एवढं बोलून तो थांबला. मी विचारलं, लई लागलंय का? तर म्हणाला, "तुम्ही निघा, आत्या." कळायचं ते कळलं. भूमला गाडी बदलून परंड्याला पोचेपर्यंत तो एकच शब्द माझ्या डोक्यात फिरत होता. घसरली. चैताचं ऊन, आभाळात ढग नाही, रस्ता ठणठणीत कोरडा. घसरायला तिथं कुणी तेल सांडलं होतं का? आणि अण्णांची गाडी? सायकलवाल्या पोरीसुद्धा पुढं काढून जायच्या, त्या माणसाची?

मी सगळा जन्म शाळेत मराठी शिकवलं. वाक्य दिसलं की आधी कर्ता शोधायचा, ही खोड अजून गेलेली नाही. परंड्याला घरासमोर मांडव होता आणि मांडवात बसलेला जो-तो तेच वाक्य बोलत होता, गाडी घसरली म्हणं. कुणी पुढं जोडायचा, "म्हाताऱ्या माणसानं ह्या वयात गाडी पळवायची कशाला?" कुणी म्हणायचा, "लई नाद हुता गाडीचा, शेवटी गाडीनंच खाल्लं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत माझा भाऊ पांढऱ्या कापडात, आणि बाहेर ही मंडळी चहाचा कप हातात घेऊन त्याच्याच माथी दोष मारतायत! मी म्हणाले, "कोण पळवत होतं? तुमच्यापैकी कुणी बघितलं का?" एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "बहीण हाय, मनाला लागलंय." लागणार नाही तर काय होणार?

अण्णा म्हणजे नागनाथ, माझे थोरले बंधू. एसटीत ड्रायवर होते. परंडा–कुर्डुवाडी आणि पुढं जिथं पाठवतील तिथं. मी नववीत असताना ते नोकरीला लागले, आणि मला पुढं शिकवलं ते त्यांनीच. उभी नोकरी त्यांच्या हातून माणूस सोडा, कोंबडं दगावलं नाही. डेपोत त्यांना 'दमानं' म्हणायचे. कंडक्टरनं घाई केली की, "दमानं." प्रवासी ओरडले की, "दमानं." आमच्याकडं हा शब्द सगळीकडं चालतो. हळू जा, धीर धर, गरम आहे फुंकून पी, रागावू नको... सगळ्याला दमानं. मला तर ते फक्त शेवटच्या अर्थानंच म्हणायचे. लहानपणापासून मी तापट. अण्णा रिटायर झाले आणि त्यांनी मोटारसायकल घेतली. वहिनी हसली, "जन्मभर गाडी हाकलीत, आता आनिक गाडीच?" तर म्हणाले, "ती टाईमटेबलची व्हती. ही माझी हाय." ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरकडून मागच्या मडगार्डला लोंबणाऱ्या काळ्या रबरावर त्यांनी पांढऱ्या अक्षरात लिहून घेतलं होतं, 'दमानं'. हेल्मेट तर दूध आणायला जातानाही. पोरं हसायची, "अण्णा, चंद्रावर निघालाव का?"

माझे यजमान गेले त्या वर्षीची गोष्ट. मी घरात कोंडून घेतलं होतं. खाणं नाही, बोलणं नाही. एका सकाळी अण्णा दारात येऊन उभे. "कुसुम, पिशवी भर. समुद्र बघून येऊ." मी म्हणाले, अण्णा, तुम्हाला काही वाटतं का? लोक काय म्हणतील? म्हणाले, "लोकांला गाडीवर जागा न्हाय. तू बस." लोकांनी म्हणायचं ते म्हटलंच... नवरा जाऊन वरीस झालं न्हाय आन् ही भावाच्या गाडीवर फिरायला निघाली! वहिनीलाही येऊन सांगितलं. वहिनीचे गुडघे तेव्हाच धरलेले, तिला गाडीवर बसवायचं नाही. ती मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही जा. घरात बसून गेलेलं माणूस येतंय व्हय?" त्या बाईचे हे उपकार मी विसरणार नाही.

निघालो. पंढरपूर, सांगोला, मिरज करत कोल्हापूरला पोचायलाच आम्ही इतका वेळ लावला की दुसरा कुणी तेवढ्यात गोवा करून आला असता. दिसेल त्या झाडाखाली थांबायचं, दिसेल तिथं चहा प्यायचा. आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला आलो आणि एका वळणावर माडांच्या आडून समुद्र दिसला, तशी अण्णांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. मग मालवण, देवगड, विजयदुर्ग असं किनारा धरून वर वर निघालो. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला लाल माती, मध्ये आम्ही दोघं म्हातारी. मागून मोठ्या मोटारींचे हॉर्न वाजायचे. एकानं काच खाली करून शिवी दिली तेव्हा मी गाडीवरूनच त्याचा उद्धार करायला लागले, तर अण्णांनी हात वर करून त्याला वाट दिली आणि मला म्हणाले, "त्याला ड्यूटीवर जायचं आसंल. आपली सुट्टी हाय." दाभोळला खाडी ओलांडायला सपाट फेरीबोट असते, मोटारीसकट माणसं नेणारी. अण्णांनी सवयीनं बोटीवाल्याला विचारलं, "सुटायचा टाईम काय?" तो म्हणाला, भरली की सुटते. अण्णा असे हसले! "भरली की सुटती! ऐकलंस का कुसुम? ह्याला म्हणत्यात नोकरी." पलीकडं उतरेपर्यंत ते हसत होते, आणि यजमान गेल्यापासून पहिल्यांदा मीही हसले.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती देवराई. किनाऱ्यावरच्या एका गावाबाहेर, देवळाला लागून. भर दुपारी आत अंधार. झाडं अशी की चौघांनी हात धरून उभं राहिलं तरी कवेत येणार नाहीत, तांबूस सालीची, सरळसोट वर गेलेली. वर बघितलं की मान दुखावी. आम्ही बोरी-बाभळीच्या मुलखातली माणसं, आमच्याकडं कडुलिंब जरा वाढला की त्याला मोठं झाड म्हणायचं. तिथल्या गुरवानं सांगितलं, इथली काटकीही कुणी उचलत नाही. अण्णांनी चपला बाहेर काढल्या, हेल्मेट काखेत धरलं आणि एका बुंध्याशी टेकून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सगळी नोकरी म्या झाडं आरशात बघितली, कुसुम. फुडनं आली की मागं गेली. बसून झाड बघायचं, ते आज बघतोय." मी त्यांच्या शेजारी बसले आणि पोटभर रडले. उठताना ते एवढंच म्हणाले, "राहिलेला किनारा फुडच्या वर्षी. दमानं."

पुढच्या वर्षी महेशचं लग्न निघालं. मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन, मग वहिनीचे गुडघे. अण्णा प्रत्येक वेळी म्हणायचे दमानं, आणि आता मला त्या शब्दाचा राग येतो. हो, येतो! गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेय. निम्मा समुद्र ठेवून गेले. मी कुणाबरोबर बघू तो आता?

आणि खरा राग वेगळाच आहे. दिवसकार्य उरकल्यावर मी महेशला म्हणाले, मला ती जागा दाखव. तो नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. परंड्याहून फार लांब नाही. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तेवढंच एक गाव वाईट ठरेल आणि बाकीची सुटतील. तिथं रस्त्यावर आडवा चर होता. विहीर रस्त्याच्या अलीकडं, ऊस पलीकडं, म्हणून डांबरी रस्ता खणून पाईप टाकला आणि वर मुरूम लोटून दिला. उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन मुरूम खाली बसला आणि चाक अडकेल एवढी खाच झाली. अण्णांचं पुढचं चाक त्यात गेलं, ते हँडलवरून पलीकडं पडले आणि मान मोडली. हेल्मेटला ओरखडासुद्धा नाही. पण मी बघत उभी राहिले ती दुसरीच गोष्ट. चराच्या बाजूनं, रस्त्याच्या खाली उतरून, गावातल्या गाड्यांनी जाऊन जाऊन एक वेगळी वाट पाडली होती. चांगली मळलेली वाट. चार पाट्या मुरूम टाकून दाबला असता तर काम झालं असतं. ते नाही केलं. वळसा घातला, रोज घातला!

शेतकरी बांधावरच होता. मी विचारलं, इथं निदान एक दगड रंगवून का नाही ठेवला? तो वाईट माणूस नव्हता, हेच मला सोसत नाही. हात जोडून म्हणाला, "लई वंगाळ झालं बाई. पर हितं चर हाय ते सगळ्यांला माहीत हाय की." सगळ्यांला! सगळे म्हणजे कोण, तर गावातले. परक्या माणसानं रस्त्यावरून येऊच नये का? रस्त्याच्या कचेरीत गेले तर तिथले साहेब म्हणाले, आम्ही परवानगी दिलेलीच नाही, म्हणजे आमच्या कागदावर तिथं चर नाही. मी म्हणाले, माझा भाऊ कागदावरून जात नव्हता हो! पोलिसात लिहिलं होतं, 'वाहन घसरून'. पुन्हा तेच. ज्यानं खणलं तो वाक्यात नाही, ज्यांनी बघितलं आणि वळसा घातला ते नाहीत, ज्यांचा रस्ता तेही नाहीत. वाक्यात गाडी तेवढी आहे. बिचाऱ्या गाडीला बोलता येत नाही, म्हणून तिला कर्ता करून टाकलं.

घरी आलो तर गाडी दाराबाहेर लिंबाखाली. पोलिसांकडून आल्यापासून तिला कुणी आत घेतलंच नव्हतं. माणूस खाल्लेली गाडी घरात घ्यायची नसते, आमच्याकडं तशी रीत आहे. भंगारवाल्याला निरोप गेला होता. माझं आणि महेशचं कडाक्याचं वाजलं. तो म्हणाला, "आत्या, तुम्हाला काय जातंय? ती रोज डोळ्यापुढं बघायची आम्हाला." मी म्हणाले, भंगारात घाल, म्हणजे लोकांचं म्हणणं खरं केलंस! उद्या तुझं पोरगं विचारेल, आजोबा कशानं गेले, तर काय सांगशील? घसरले म्हणून? तो रडायला लागला. वहिनी दारात बसली होती, अण्णा गेल्यापासून ती बोललेलीच नव्हती. ती उठली, आत गेली आणि पाना घेऊन आली. दुखऱ्या गुडघ्यांनी कशीबशी गाडीमागं खाली बसली आणि मडगार्डाचं ते काळं रबर सोडवायला लागली. नट गंजला होता. महेशनं डोळे पुसले आणि तिच्या हातातला पाना घेतला.

आम्ही तिघं त्याच रस्त्याला गेलो. चराच्या अलीकडं बाभळ आहे, तिच्या बुंध्याला, रस्त्यावरून येणाऱ्याला समोर दिसेल असं, महेशनं ते रबर खिळ्यांनी ठोकलं. आवाज ऐकून तो शेतकरी आला. म्हणाला, "पाटी कशाला बाई, सगळ्यांला..." वहिनी त्याच्याकडं वळली. "माझ्या मालकाला न्हवतं माहीत," म्हणाली. तेवढ्यात मागून एक मोटारसायकल भरधाव आली, बाभळीपाशी करकचून ब्रेक लागला, आणि मागं बसलेल्यानं मोठ्यानं वाचलं, "दमानं." चर बघितला आणि दोघं उतरून गाडी ढकलत पलीकडं गेले. परके होते.

गाडी आता घरात आहे. महेश तीच घेऊन कामाला जातो, हेल्मेट घालून. कुणी विचारलं, अण्णांची गाडी घसरली ना, तर आता तोच सांगतो की घसरली नव्हती, रस्ता खणला होता. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "आत्या, मागचं रबर न्हाय. पाऊस लागला की पाठीमागच्यांवर चिखल उडंल. नवं बसवू का?"

नको, म्हटलं. रबर कुठं गेलं ते विचारू दे की लोकांना. उडू दे.