डॉक्टर देशकरांच्या समोरची खुर्ची

डॉक्टर देशकर कधी भाव करत नसत. मूर स्ट्रीटच्या बाजारातली आयरिश फळवाली सांगेल तो आकडा निमूट देत आणि वर तिच्या गुडघ्यांची चौकशी करत. एकदा गाडी घेताना विक्रेत्याने आपणहून सूट देऊ केली, तर "हे तुमच्या पगारातून तर जात नाही ना?" असं त्यांनी त्यालाच विचारलं होतं म्हणे. वर फुकटची कोथिंबीर मिळाली नाही तर भाजी महाग पडली असं मानणाऱ्या घरात मी वाढलो. मला हा माणूस आधी वेडा वाटला, मग श्रीमंत वाटला, आणि तो नेमका कसा होता हे कळेपर्यंत उशीर झाला.

आमची ओळख जिथे झाली ते ठिकाण सांगताना आजही जीभ अडखळते. पण ते लपवलं तर डॉक्टर कळणारच नाहीत. माझी बायको मुलीला घेऊन पुण्याला परत गेली होती. घटस्फोटाचे कागद चालू होते. दिवसभर क्लोनडॉकिनच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी ल्यूकनच्या तीन बेडरूमच्या घरात एकट्याने खिचडी खायची, असा माझा दिनक्रम. त्या काळात मी पैसे देऊन बायकांकडे जाऊ लागलो. एस्कॉर्ट म्हणतात इथे. आणि अशा पुरुषांचा एक ऑनलाइन फोरम होता, त्यावर मी रोज वाचत बसू लागलो. तिथे सगळे टोपणनावाने लिहीत. दर वाढले म्हणून रडारड चाले, कायद्यावर वाद होत, आणि दर तीन-चार महिन्यांनी रविवारी दुपारी शहरातल्या एका पबच्या वरच्या खोलीत मंडळी प्रत्यक्ष भेटत. या भेटीला 'सोशल' म्हणायचे. काही बायकाही येत, पाहुण्या म्हणून. छातीवर टोपणनावाचं स्टिकर लावायचं, खरं नाव विचारायचं नाही, आणि त्या दिवशी कुणी कुणाशी धंद्याचं बोलायचं नाही.

पहिल्याच सोशलला घाबरून माझ्या हातून ग्लास सांडला आणि तोंडातून "अरे देवा!" निघालं. शेजारचे टकले, साठीच्या घरातले गृहस्थ टिश्यूचा गठ्ठा पुढे करत हळूच म्हणाले, "पुसून घ्या न राजा. देव काय करून राहिला त्याच्यात?" त्यांच्या स्टिकरवर 'अंब्रेला' लिहिलेलं होतं. मला दरदरून घाम फुटला. मराठी माणसापासून लपायला जावं आणि अस्सल नागपूरकर भेटावा! पण ते हसले आणि म्हणाले, "मीही तुमच्याइतकाच घाबरलो आहे. फिट्टमफाट."

ते भूल देणारे डॉक्टर होते. राहायला ब्युमॉन्टला. बायको, सुलभाताई, जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी रेवा गॉलवेला नोकरी करायची. हे सगळं मला हळूहळू कळलं, कारण पुढे आम्ही महिन्यातून एकदा कॉफीला भेटू लागलो. तुम्ही इकडे कसे, असं मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "लोक सांगतात, गप्पा मारायला जातो. मी गप्पा मारायलाही जायचो. पण नुसत्या गप्पा नाही राजा, खोटं कशाला बोलू?"

फोरमवर अंब्रेलाचा एक ठरलेला जबाब होता. कुणी 'शंभर जास्त मागते', 'यांच्यावर बहिष्कार टाका', असं लिहिलं की खाली दोन ओळी येत: दर तिने सांगायचा. आपण हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं, आणि नाही म्हणताना आभार मानायचे. लोक चिडत. मीही चिडलो होतो. मी तर त्यावर कडी केली. माझं कामच तसलं. कुठल्या भागात किती वेळाचे किती, याचा मी एक सुरेख एक्सेल तक्ता बनवला, रंगबिरंगी रकान्यांचा, आणि कॉफी पिताना अभिमानाने डॉक्टरांपुढे लॅपटॉप उघडला. त्यांनी चष्मा वर करून तो अगदी शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "भाग आहे, मिनिटं आहेत, युरो आहेत. बाई कोणत्या रकान्यात आहे?"

मी फाइल उडवून टाकली, पण शरमेपेक्षा रागानेच.

पुढच्या सोशलला हेझल होती. चाळिशीची, कॉर्कची, मोठ्याने हसणारी बाई. हेझल हे अर्थात तिचं फोरमवरचं नाव. दरांचा विषय काढायचा नाही हा नियम मोडून कुणीतरी तिला टोमणा मारला, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या दरावर तुम्ही पानंच्या पानं लिहिता. पण मी दार उघडते तेव्हा घरात एकटी असते, यावर एक ओळ लिहिलीत का कुणी?" मग तिने ते समजावून सांगितलं. इथला कायदा विकत घेणाऱ्याला गुन्हेगार धरतो, तिला नाही. पण दोघी मैत्रिणी सोबतीसाठी एका फ्लॅटमध्ये काम करू लागल्या तर तो कुंटणखाना ठरतो आणि मग त्या दोघीही गुन्हेगार. म्हणून ती एकटी असायची. एकदा एकाने तिचा हात पिरगाळून मोडला होता. "प्लास्टर काढलं, आता ग्रँड आहे," म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, असं म्हणून तिने हात वर करून दाखवला.

डॉक्टर त्या दिवशी परतताना माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत आले. तिथे म्हणाले, "पेशंट बेशुद्ध असते तरी आम्ही त्याची चादर सरकू देत नाही. त्याला कळत नाही, पण आपल्याला कळते न."

आमच्या फोरमचा एक नियम त्यांनीच लिहिला होता: बाहेर भेटलो तर अनोळखी. तो त्यांनी कसा पाळला हे मी पाहिलं आहे. ल्यूकनच्या सुपरमार्केटमध्ये आम्ही दोघं होतो आणि समोरून हेझल आली, शाळेच्या गणवेशातल्या मुलाचा हात धरून. डॉक्टरांनी लगेच शेल्फवरची मोहरीची बाटली उचलली आणि तिच्यावरचा मजकूर पोथी वाचावी तसा वाचू लागले. ती पार बिलाच्या रांगेत पोचेपर्यंत वाचत होते. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बरं झालं, नियम आहे. आपण वाचलो." त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "आपण कुठून आलो त्याच्यात? तिचं पोरगं होतं न सोबत. नियम तिच्यासाठी आहे राजा. आपल्यासाठी नाही."

हे वाक्य मी ऐकलं होतं. समजलंही होतं. म्हणून पुढचं सांगताना मला कुठली सबब उरत नाही.

दोघींना एका दाराआड काम करू द्यावं, अशा मागणीचं पत्र लिहायचं डॉक्टरांच्या मनात होतं. हेझलबरोबर बसून त्यांनी ते लिहिलं. ग्राहकांना माफी द्या वगैरे त्यात काही नव्हतं, फक्त त्या दुसऱ्या बाईची सोबत मागितली होती. फोरमवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि खाली खरं नाव कोण घालणार म्हटल्यावर शुकशुकाट झाला. "टोपणनावाच्या पत्राला कोण विचारते? दोन नावं असली तं वजन येते," असं डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांना शब्द दिला. खरंच दिला होता, हातावर हात मारून. पण सहीच्या दिवशी मला वकिलाची ईमेल आली, मुलीच्या ताब्याबद्दलची, आणि माझं अवसान गळालं. मी फोनवर काहीतरी बरळलो. "राहू दे न," ते म्हणाले. "तुझी पोरगी लहान आहे. माझी मोठी झाली." पहिल्यांदाच त्यांनी मला अरे-तुरे केलं होतं.

एका स्थानिक वर्तमानपत्रात ते पत्र आलं, खाली एकच नाव. 'मी स्वतः अशा बायकांकडे गेलेला माणूस आहे,' हे पत्रातलं दुसरंच वाक्य. तिसऱ्या दिवशी त्याचा फोटो, मीही अलीकडे जाऊ लागलो होतो त्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. 'हे आपलेच डॉक्टर ना?' असं विचारणारे बरेच होते. उत्तर कुणीच दिलं नाही. मीसुद्धा नाही.

मंडळाच्या गणपतीत डॉक्टरांचं एक ठरलेलं काम असे. ल्यूकनच्या हॉलमध्ये, कोपऱ्यात, एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. भारतातून मुलांकडे आलेल्या आईवडिलांचं ब्लडप्रेशर ते तपासून देत. आरतीपेक्षा मोठी रांग त्या टेबलाशी लागायची, कारण डॉक्टर आकडा सांगून थांबत नसत, सुनेच्या तक्रारीही ऐकून घेत. त्या वर्षी त्यांना येऊ नका असं सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. ते आले. इस्त्रीचा झब्बा, टेबलावर मशीन, शेजारी वही. आणि समोरची खुर्ची रिकामी.

मी प्रसादाच्या रांगेत होतो, दहाएक पावलांवर. कोल्हापूरकडची एक आजी काठी टेकत तिकडे निघाली, तर मुलाने तिचा दंड धरला. "अरं, दरसाली बघत्यात की डागदर माजं बीपी! यंदाच काय झालं?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मुलगा तिला कानात काहीतरी सांगत बाहेर घेऊन गेला. मग तर कोपऱ्याच्या आसपासही कुणी फिरकेना. डॉक्टरांनी मशीनचा पट्टा उलगडला, गुंडाळला, परत उलगडला. आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

हाक मारली नाही. खूणही केली नाही. नुसतं पाहिलं. मला फक्त दहा पावलं चालून त्या खुर्चीत बसायचं होतं आणि बाही वर करायची होती. एवढ्याने माझं काय बिघडणार होतं? चाळिशीतल्या माणसाने बीपी तपासून घेतलं म्हणून कुठलं कोर्ट मुलगी काढून घेतं? पण मला वाटलं, आता जो बसेल तो त्यांच्यातला. मी तोंड फिरवलं. समोर भिंतीवर, आग लागल्यास काय करावं, याची सूचना लावलेली होती. ती मी वाचू लागलो. लिफ्ट वापरू नका. धावू नका. सामान घ्यायला मागे वळू नका. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा वाचली. मागे वळून पाहिलं तेव्हा टेबलावर मशीन नव्हतं.

संध्याकाळी फोरमवर त्यांचा निरोप आला, मला एकट्याला. 'नियम पाळलास. वाईट वाटून घेऊ नको.' त्यात टोमणा असता तर मी भांडलो असतो. टोमणा नव्हता. त्यांना खरंच मला सोडवायचं होतं. मी उत्तर लिहिलं, खोडलं, उद्या लिहू म्हटलं. कॉफीच्या तारखा मीच टाळत गेलो, कधी कामाचं निमित्त सांगून, कधी सर्दीचं. फोरमवर अंब्रेला दिसेनासा झाला. दरांच्या रडारडीखाली ती दोन ओळींची उत्तरं येईनाशी झाली आणि रडारड बेफाम वाढली.

फेब्रुवारीत ते गेले. हृदयविकाराचा झटका आला, घरीच. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

इथे मयताला ओळख-पाळख नसलेलेही जातात, रांगेत उभे राहून घरच्यांशी हस्तांदोलन करतात. मी अंत्यविधीच्या हॉलवर गेलो. रांग आखूडच होती, इस्पितळातली काही मंडळी आणि शेजारीपाजारी. मंडळाचं कुणी नव्हतं. रेवा वडिलांसारखीच किंचित तिरकी मान करून उभी होती. "बाबांना तुम्ही कसे ओळखायचे?" तिने इंग्रजीतून विचारलं, गॉलवेच्या हेलात.

तेव्हासुद्धा वेळ होती. माझा घटस्फोट होऊन गेला होता, मुलीचं ठरून गेलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "मराठी मंडळातून."

तिचे डोळे भरून आले. माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ती म्हणाली, "थँक यू. तुमच्यातलं कुणी येईल असं मला वाटलंच नव्हतं. आय रिअली डिडन्ट." त्या आभारांचं ओझं मी अजून उतरवू शकलेलो नाही.

माझ्या मागे हेझल होती. काळा कोट, सोबत तो मुलगा, आता डोक्याने तिच्या खांद्याला आलेला. आमची नजरानजर झाली आणि मला वाटलं, ही तरी नियम पाळेल. ती पुढे झाली. "माझं नाव मॉरीन," ती म्हणाली, अजिबात आवाज न उतरवता. इतक्या वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो. "तुझ्या बाबांनी पेपरात पत्र लिहिलं होतं ना, ते माझ्यासाठी. ते माझे मित्र होते."

रेवाने मॉरीनला मिठी मारली आणि पहिल्या रांगेत स्वतःच्या शेजारची खुर्ची दाखवून म्हणाली, "इथे बसा. माझ्याजवळ." मॉरीन बसली. मुलगा तिच्या बाजूला बसला.

मी मागे जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. खांद्याशी तसलीच सूचना लावलेली होती, आग लागल्यास काय करावं त्याची. ती वाचायची मला गरज नव्हती. मला ती पाठ होती.