तीन मिनिटं हसायचं नाही

ताई कुणाची? तर सगळ्यांची. इस्पितळाच्या तळघरात, जिथं मेंदूची चित्रं काढतात तिथं, झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत जो तो तिला ताईच म्हणे. हक्कानं म्हणावं असा सख्खा भाऊ एकच, धाकटा. तो मात्र गेली आठ वर्षं फारसं काहीच म्हणत नव्हता.

ताईचं काम मुखवटे करायचं. नाटकातले नव्हेत. मेंदूचं चित्र निघायला तास-दीड तास लागतो आणि तेवढ्या वेळात डोकं तीळभर हललं तरी सगळं मुसळ केरात. म्हणून जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात टाकायचा, मऊ पडला की निजलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर अंथरायचा आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरायचा. तीन मिनिटांत तो घट्ट होतो. नाक, कपाळ, गाल जसेच्या तसे उतरतात. चित्राच्या दिवशी तो पलंगाला अडकवला की डोकं जागच्या जागी. अट एकच. तीन मिनिटं हसायचं नाही, बोलायचं नाही. गाल वर चढले की मुखवटा तसाच घडतो आणि नंतर सैल बसतो. पंधरा वर्षांत ताईचा एकही मुखवटा सैल निघाला नव्हता. तिची जरबच तशी. दारू सोडून चार महिने झालेले दांडगे ड्रायव्हर तिच्या हाताखाली मुकाट पडून राहत.

धाकटा एके काळी नकला करायचा. शेजारीपाजारी, मास्तर, वडील, कुणाला सोडलं नाही. ताईच्या साखरपुड्यात त्यानं तिच्या होणाऱ्या सासूची नक्कल केली, आणि सासू मागंच उभी! पुढं विशीत त्याला वाटू लागलं, बातम्या देणारी बाई फक्त आपल्याशीच बोलते. मग भिंतीही बोलू लागल्या, शिव्या देऊ लागल्या. स्किझोफ्रेनिया, डॉक्टर म्हणाले. औषधं लागू पडली, आवाज थांबले. घरच्यांनी हुश्श केलं. पण शिव्यांबरोबर नकलाही गेल्या. आता तो ताईच्याच घरी राहायचा, खिडकीशी बसायचा, पुढ्यात येईल ते खायचा, ‘बरं’ म्हणायचा. नवरा-मुलं झोपली की ताई त्याच्याकडं बघत बसे. आपला भाऊ या खोलीत असूनही तिला त्याची आठवण यायची. हे सांगायचं कुणाला?

अशात मोठ्या डॉक्टरीणबाईंनी नवा अभ्यास काढला. दारू सुटलेले लोक आणि औषध घेणारे स्किझोफ्रेनियाचे रुग्ण, दोघंही म्हणतात, कशातच मजा वाटत नाही. का?

“असं बघ ताई,” बाई म्हणाल्या, “डोपामिन, म्हणजे मजा वाटायला लावणारं रसायन, मेंदूत येतं ते बसायला खुर्च्या शोधतं. दारुड्याच्या डोक्यातल्या खुर्च्याच कमी झालेल्या दिसतात. तुझ्या भावासारख्यांच्या खुर्च्या असतात, पण औषध त्यांवर बसलेलं. आवाज थांबतात ते त्यामुळंच.”

“मग माझ्या भावाचं चित्र काढा.”

“काढते. पण एकाच्या चित्रावरून काही कळत नाही हं. चाळीस जणांची सरासरी घ्यावी लागते.”

सरासरीशी ताईला काय करायचं होतं? तिला बघायचं होतं, तो नकलाकार आत कुठं दडी मारून बसलाय का. धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, “बरं.” डॉक्टरीणबाईंनी शेजारी बसवून दोनदा समजावलं, मग त्यानं सही केली. नात्यातल्या माणसाचं काम नात्यातल्यानं करू नये असा तिथला रिवाज; सुई टोचायचं आणि यंत्राचं काम चष्मेवाल्या सहकाऱ्याकडं गेलं. मुखवट्यावर मात्र ताई अडून बसली. “तेवढा मीच करणार.”

गरम जाळी चेहऱ्यावर पडली आणि ताईचे तळवे त्याच्या गालांवर टेकले. आठ वर्षांत त्यानं कुणाला अंगाला हात लावू दिला नव्हता. आता मात्र काम म्हणून गप्प पडला होता. एक मिनिट गेलं. आणि जी बाई सगळ्या जगाला दटावायची, तिचीच जीभ सुटली.

“माहितीय का,” ती त्याच्या कानाशी कुजबुजली, “नमुना म्हणून मोठ्या डॉक्टरीणबाईंचाच मुखवटा केला ना मी, तर बाई त्यातच घोरल्या. जाळीतून शिट्टी! चष्मेवाल्याला वाटलं, यंत्रच बिघडलं. तो इंजिनिअरला फोन लावत होता!”

तळव्याखाली गाल हलले. वर चढले आणि तिथंच राहिले. ताईनं हात काढले नाहीत. तीन मिनिटं संपली, पाच झाली, तरी नाही.

चित्राच्या दिवशी शेजारच्या खोलीतून चित्रासाठी टोचायचं किरणोत्सारी औषध आलं. वीस मिनिटांत निम्मं होणारं, त्यामुळं सगळ्यांची धावपळ. मुखवटा अडकवला, तर गालांपाशी बोटभर फट.

“ताई, हा तुमचा?” चष्मेवाला बघतच राहिला. “आता हसवा त्यांना परत, नाहीतर गेलं औषध!”

ताईनं घोरण्याची गोष्ट पुन्हा सांगितली. मग आणखी दोन. धाकटा छताकडं बघत होता. औषध वाया गेलं.

डॉक्टरीणबाई तरातरा आल्या. “काय झालं?”

“मी हसवलं त्याला.”

“तू? कशावर?”

ताईला सांगणं भाग पडलं.

“घोरले नव्हते मी,” त्या म्हणाल्या. “सर्दी झाली होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्या. मुखवटा हा करेल.” बोट चष्मेवाल्याकडं होतं.

त्या जाळीची एक खोड आहे. पुन्हा गरम पाण्यात टाकली की ती सगळं विसरते आणि सपाट होते. पत्रे महाग, वाया घालवायचे नाहीत. ताई तो मुखवटा दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभी राहिली.

“मी टाकू का?” चष्मेवाल्यानं हळूच विचारलं.

“नको.”

तिनंच सोडला. आधी गाल गेले, मग नाक. कपाळ तेवढं थोडा वेळ टिकलं.

दुसऱ्या खेपेला सगळं नीट झालं. ताई काचेपलीकडं उभी होती. पडद्यावर चित्र उमटलं. काळोखात दोन मंद डाग.

“मंद का?”

“सांगितलं ना,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “खुर्च्यांवर रोजचं औषध बसलंय. टोचलेलं रिकाम्या खुर्चीवरच उजळतं. दारू सुटलेल्याचंही असंच दिसेल. नुसतं बघून मलाही सांगता यायचं नाही, कुणाचं कोणतं.”

ताईनं चित्र डोळे फाडून बघितलं. ते कुणाचंही असू शकत होतं.

बाहेर बाकावर धाकटा बूट घालत होता. ती शेजारी बसली. त्यानं एक नाडी बांधली, दुसरी हातात धरून थांबला.

“सापडलं का?”

“काय?”

“जे तू बघत होतीस.”

“नाही रे.”

“मलाही नाही सापडत,” तो म्हणाला. तक्रार नव्हे, पावसाची चौकशी करावी तसं. मग वाकून दुसरी नाडी बांधू लागला. गाठ जमेना. ताईचा हात पुढं झाला आणि अर्ध्यावर थांबला. त्यानं तिच्या हाताकडं पाहिलं, आणि बूट थोडा तिच्याकडं सरकवला.