दोन सर्व्हर आणि महालक्ष्मीचं जेवण

आमच्या जबलपुरातल्या मराठी लोकांना स्वातंत्र्य मिळालं ते एका रविवारी, मंडळाच्या हॉलमध्ये, चहा-आलूबोंडे खाताखाता. मोठ्या कंपनीच्या अ‍ॅपपासून स्वातंत्र्य. त्या अ‍ॅपवर मंडळाचा एक ग्रुप होता आणि शहरभरातली मराठी माणसं त्यात होती. खमरियाच्या फॅक्टरीतली, रेल्वेतली, दीक्षितपुऱ्यातली जुनी घरं, पनागरकडची दोनचार शेतकरी कुटुंबं. कोणाकडे मुंज, कोणाकडे सत्यनारायण, कोण गेलं, कोणाला ज्वारीचं पीठ पाहिजे, सगळं तिथं कळायचं. मधूनमधून गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती यायच्या, त्या आम्ही बोटानं वर सरकवून मोकळे व्हायचो.

साहेबांना मात्र ते सोसवेना. साहेब म्हणजे फॅक्टरीतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले इंजिनियर. रिटायर होऊन सात वर्षं झाली, पण सगळी खमरिया त्यांना अजून साहेबच म्हणते, त्यांची बायकोसुद्धा. त्यांच्या बंगलोरच्या मुलानं त्यांच्या डोक्यात भरवलं, की कंपनी आपली माहिती विकते, आणि शहाणी माणसं आता असली अ‍ॅपं सोडून आपापल्या छोट्या वस्त्या करून राहिली आहेत. स्वतःचा सर्व्हर, म्हणजे स्वतःचं घर. दुसऱ्यांची घरं वेगळी, पण दारं एकमेकांना उघडी. वर मालक कोणी नाही. साहेबांनी हे फळ्यावर चित्र काढून समजावलं, आणि कोणाला काही समजलं नाही म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तर माझी माहिती विकत घेणाऱ्याची दया आली. त्याला कळून कळून काय कळणार? बाई साठीला आली, फॅक्टरीच्या ऑफिसातून रिटायर झाली, सकाळी बीपीची गोळी घेते आणि तिचा नवरा घोरतो.

टाळ्या मीही वाजवल्या, हे सांगून टाकते. मी कार्यकारिणीत महिला प्रतिनिधी होते. महिला प्रतिनिधी म्हणजे चहा कोणी करायचा ते ठरवणारी बाई.

माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांना मी ताई म्हणते, दीक्षितपुऱ्यात राहतात. घरच्या महालक्ष्म्या त्यांच्याकडे आहेत. भाद्रपदात तीन दिवस त्या दोघी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, बसतात आणि दुसऱ्या दिवशी जेवण असतं. पुरणपोळी, आंबील, कढी, सोळा भाज्या, वर टांगलेला फुलोरा, आणि पंगतीवर पंगत. आमच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तिथं शंभरावर पानं वाढली होती. ताई तेव्हा आठवडाभर आधी हळद-कुंकवाची कुयरी घेऊन घरोघरी बोलवायला जायच्या. पुढं गुडघे गेले, आणि ग्रुप आला. एक निमंत्रण टाकलं की सगळ्यांना एकाच वेळी पोचायचं. फोन करण्यात गोम होती. कोणाला आधी केला, कोणाला नंतर, यावरून आमच्यात वर्षभर तोंडं वाकडी होतात. ग्रुपवर सगळे सारखे.

दोन्ही मुलं बाहेर, भाऊजी अंथरुणाला खिळलेले, आणि ताई बहात्तरच्या. मुलं दरवर्षी फोनवर म्हणतात, मुखवटे देवळात देऊन टाक, झालं तेवढं पुष्कळ झालं. मागच्या वर्षी भांडी आवरताना ताई मला म्हणाल्या, "पंगत बसते तोवर मी करीन. ज्या वर्षी पंगत बसणार नाही, त्या वर्षी समजीन की त्यांना आता माझ्या घरी राहायचं नाही." त्या खणखणीत आवाजात बोलल्या, पण हात कढईत थांबला होता. या बाईचं सगळं वर्ष त्या एका दुपारवर उभं होतं, आणि हे मला चांगलं माहीत होतं.

तर सर्व्हर सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी नियम काढले, तब्बल एकतीस. स्वातंत्र्य मिळालेल्या माणसांना एवढे नियम लागतात हे मला नवीन होतं. मोठ्या कंपनीचे नियम कोणी वाचत नव्हतं म्हणून आम्ही सुखी होतो. साहेबांचे नियम साहेब फोन करून वाचून दाखवायचे. नियम नऊ, सुप्रभातचे फुलवाले फोटो टाकू नयेत. नियम चौदा, एका दिवसात तीनच मजकूर. मोडला तर ताकीद, मग कारणे दाखवा नोटीस, मग सात दिवस निलंबन. माणूस फॅक्टरीतून रिटायर झाला होता, फॅक्टरी काही त्याच्यातून रिटायर झाली नव्हती. रोज सकाळी चष्मा लावून ते बसायचे आणि कोणाला नोटीस द्यायची ते शोधायचे.

पहिली नोटीस दीक्षितपुऱ्यातल्या मास्तरांना गेली. मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत पोरांना उभं केलं होतं, त्यांना कोणी उभं केल्याची सवय नव्हती. ते रोज पहाटे जास्वंदीचा फोटो टाकायचे. सात दिवसांचं निलंबन झाल्यावर आठव्या दिवशी त्यांनी स्वतःचा वेगळा सर्व्हर काढला. पुतण्याकडून करवून घेतला आणि टेंभा असा मिरवला की जणू रात्रभर जागून स्वतः तारा जोडल्या. दीक्षितपुरा, गढा, त्या बाजूची सगळी घरं त्यांनी तिकडं ओढली. ताईच्या घरी जाऊन त्यांच्या फोनवर स्वतः सगळं करून दिलं आणि दोन कप चहा पिऊन आले. ताईंना काही कळलं नाही. त्यांना वाटलं ग्रुपचं नाव बदललं. आणि खरं सांगायचं तर बदललं तेवढंच होतं, कारण तिकडून टाकलेलं इकडं दिसायचं, इकडचं तिकडं. दारं उघडी होती.

मग मास्तरांनी त्यांच्या सर्व्हरवर लिहिलं की खमरियावाल्यांना संस्कृती कशाला पाहिजे, त्यांना कॅन्टीनचा समोसा पुरे.

माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं त्या फॅक्टरीत काढली. शिफ्टच्या बसमध्ये उभ्यानं झोपायला शिकला तो. ते वाचून माझं डोकं असं फिरलं की हातातली पोळी तव्यावर काळी झाली. साहेबांनी तातडीची बैठक बोलवली. विषय क्रमांक एक, मास्तरांचा सर्व्हर बंद करणे. म्हणजे त्यांचा नव्हे, त्यांच्याकडून येणारं आपल्याकडे दिसणं बंद करणे. एक बटण दाबलं की त्या अख्ख्या सर्व्हरवरचं एक अक्षर आमच्याकडे येणार नाही, आणि त्यांना कळणारसुद्धा नाही. साहेबांनी विचारलं, कोणाची हरकत? रेल्वेतल्या एका गृहस्थांनी हळूच म्हटलं की तिकडं आपलेच नातेवाईक आहेत. त्यांना मीच गप्प केलं. मी म्हटलं, "ज्यांना आमची लाज वाटते त्यांचं आम्ही काहून वाचायचं? करा बंद." आणि हात वर केला, सगळ्यांच्या आधी. घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, समोसा खरंच चांगला होता. मला त्याचाही राग आला.

महिनाभरानं महालक्ष्म्या आल्या. मी नेहमीप्रमाणे जेवणाच्या आदल्या दिवशीच ताईकडे मुक्कामाला गेले. पडवळ चिरता चिरता विचारलं, बोलावणं झालं का. त्या म्हणाल्या, हो, टाकलं ना आठ दिवसांआधी, सगळ्यांना गेलं. अच्छा, म्हटलं, आणि पुरणाकडे वळले. बटण, बैठक, वर गेलेला हात, यातलं काहीसुद्धा त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. घरच्या माणसाला निमंत्रणाची गरज नसते, म्हणून ते निमंत्रण मला दिसलं होतं की नाही, हे मला माहीतच नव्हतं. माझ्यासारखी दीडशहाणी शोधून सापडायची नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता नैवेद्य झाला. ताईंनी नवी साडी नेसून पंचवीस पानांची पहिली पंगत मांडून ठेवली होती. मास्तर आले, त्यांच्या घरचे तिघं आले, गल्लीतली आणखी दोन मराठी घरं आली. अकरा माणसं जेवली. मास्तरांनी कढीची तीनदा तारीफ केली आणि दक्षिणा घेऊन गेले. मग एक वाजला. खमरियाची बस येऊन गेली असेल, म्हणून ताई दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या. दीड वाजला. उरलेली पानं तशीच होती, वाढलेलं मीठ आणि लिंबाची फोड तेवढी वर. ताई पुरणपोळीची परात पदरानं झाकायच्या आणि पुन्हा उघडायच्या.

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. मी मागच्या अंगणात गेले, फोन उघडला, आणि आमच्या सर्व्हरवर ताईचं निमंत्रण शोधलं. नव्हतं. कसं असणार? ताईनं आठ दिवसांआधी दाराशी उभं राहून सगळ्यांना बोलवलं होतं, आणि दार आतून मी लावून बसले होते.

साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता ते बटण उलटं दाबा, लोकांना निमंत्रण दिसू द्या. साहेब शांतपणे म्हणाले की बंदीचा ठराव कार्यकारिणीचा आहे, तो उठवायला बैठक लागते, बैठकीला तीन दिवसांची नोटीस लागते, आणि उठवली तरी मधल्या काळातलं जुनं दिसेलच असं नाही. वर हेही म्हणाले, मॅडम, तुमचीच सूचना होती ना ती. मी फोन ठेवला. ठेवला नसता तर तोंडातून काय निघालं असतं, ते महालक्ष्म्यांच्या घरात बोलण्यासारखं नव्हतं.

मग मी एकेकाला फोन करत सुटले. वाजले होते दोन. कोणी जेवून झोपलं होतं, कोणी दुकानात होतं. आणि पुष्कळ जण नुसते रुसलेले. एक बाई म्हणाली, आम्हाला वाटलं यंदा दीक्षितपुऱ्यानं आम्हाला वगळलं, आम्ही कशाला लाचारासारखं विचारायचं? दुसरी म्हणाली, तुमच्या जाऊबाई आता मास्तरांच्या पार्टीत आहेत म्हणे. पार्टी. गुडघ्यानं जिना उतरता येत नाही त्या बाईला, आणि ती पार्टीत. चार माणसं आली दोन स्कूटरवर, घाईघाईनं जेवली, घड्याळ बघत. मी पानं उचलली. जी तशीच राहिली होती ती मीठ-लिंबू काढून एकावर एक रचून ठेवली, तेव्हा ताई बघत होत्या.

संध्याकाळी दिवे लावल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काहून आले नसतील गं? माझ्या हातून यंदा काही चुकलं का?"

मास्तरांवर ढकलता आलं असतं, साहेबांवर तर अगदी सहज. दोघंही त्याच लायकीचे. पण ताई महालक्ष्म्यांकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी सगळं सांगितलं. कॅन्टीन, बैठक, बटण. सर्व्हर म्हणजे काय ते समजावत बसले नाही. एवढंच म्हटलं, "तुमचं बोलावणं आमच्याकडे येऊ नये असं ठरलं ताई, आणि पहिला हात मी वर केला." त्या उठून भाऊजींना औषध द्यायला गेल्या. त्या रात्री आम्ही दोघींनी शेजारच्या हिंदी घरांमध्ये पोळ्या वाटल्या. त्यांनी प्रेमानं घेतल्या आणि विचारलं, दीदी, इस बार मेहमान कम थे क्या.

तिसऱ्या दिवशी उठवायची पूजा झाली. ताईंनी मुखवटे पुसले, कोरड्या कपड्यात गुंडाळले, पितळी डब्यात ठेवले. मी डबा माळ्यावर ठेवायला हात पुढं केले, तर त्यांनी तो माझ्या हातात देऊन माझीच पिशवी उघडून धरली.

"तुझ्याकडे ने," म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तुझ्या घरी बसतील. स्वयंपाकाला मी येईन. माणसं तू आणायची. आणि फोनवर नाही, पायानं जायचं."

राग नव्हता आवाजात. असता तर मी भांडले तरी असते. मी हो म्हटलं आणि डबा मांडीवर घेऊन खमरियाच्या बसमध्ये बसले. वाटेत मनातल्या मनात एकेक घर घेतलं: मंडळातल्या बायका, ऑफिसातल्या मैत्रिणी, नवऱ्याच्या शिफ्टमधले लोक. कोण कधी उठतं, काय खातं, कोणाची सून कुठल्या गावची, सगळं मला तोंडपाठ होतं. पण बहुतेकांचं दार कोणत्या रंगाचं आहे, ते मला सांगता आलं नसतं.