सारंगी इकडे, तबला तिकडे

परमेश्वराने माणसाला दोन कान कशासाठी दिले, हे अख्ख्या वऱ्हाडात एकट्या आमच्या भाऊजींना कळलं होतं. बाकी आम्ही सगळे अडाणी. एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सोडून द्यायचं, एवढाच आमचा दोन कानांचा उपयोग. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्याला एका शाळेत भूगोल शिकवायचे आणि पोरांना शिकवून उरलेल्या दिशा घरी घेऊन यायचे. आवाज किती गोड, किती मोठा, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं; तो आला कुठून ते सांगा. ताईने चुलीपासून "अवो, पाण्याची बादली आणता काय?" अशी हाक मारली की हे डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून म्हणायचे, "आग्नेय!" आणि बसल्या जागी बसून राहायचे. बादली ताईच आणायची.

माझ्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. लग्न अमरावतीला, मुलीकडची मंडळी वलगावची, साधीभोळी. वाजंत्री आले तसे भाऊजी पुढे झाले. "एका जागी वाजवलं त आवाज चपटा होते, साळेबुवा! आवाजाले लांबी-रुंदी पायजे, खोली पायजे." झालं! सनईवाला मांडवाच्या एका टोकाला, ताशेवाला दुसऱ्या. दोघांना एकमेकांचं काही ऐकू येईना. मंगलाष्टकं चालू असतानाच ताशेवाल्याने कडकडाट केला, त्याच्याकडच्या अर्ध्या मांडवाने अक्षता टाकल्या, उरलेला अर्धा मांडव मुठी आवळून सनईची वाट पाहत उभा. माझं लग्न असं दोन हप्त्यांत लागलं. भाऊजी बरोबर मधोमध डोळे मिटून उभे होते, चेहऱ्यावर काय ते समाधान! "असं लग्न आजवर आयकलं नाई बावा," ते म्हणाले. माझे सासरे जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चीनच्या लढाईनंतरची गोष्ट असेल. भाऊजींचा एक जुना विद्यार्थी विलायतेहून आला आणि येताना मास्तरांसाठी एक तबकडी आणि तिच्यासाठी लागणारी, भाऊजींच्या रेकॉर्ड प्लेअरला बसेल अशी खास सुई घेऊन आला. इतर पोरं शाल-श्रीफळ देतात! गाणं आपल्याकडचंच होतं, एका बाईंचं, पण तबकडी 'स्टिरिओ'. मी अकोल्याला गेलो तर भाऊजींनी पाणीसुद्धा विचारलं नाही, आधी तबकडीवरची खाच दाखवली. "हे पाय. खाच एक, पण तिच्या भिंती दोन. या भिंतीवर डावा आवाज, त्या भिंतीवर उजवा. सुई मधातून जाते अन् दोघायचंही आयकते." सुईतून दोन वायरी निघाल्या होत्या. एक, आवाज बाहेर यायला, त्यांच्या रेडिओच्या पाठीत खोचली होती. दुसरी भाऊजींच्या हातात लोंबत होती, कारण तिला लागणारा दुसरा, अगदी तसाच रेडिओ, भिंतीपलीकडे होता.

भिंतीपलीकडे दादा राहायचे. दादा म्हणजे भाऊजींचे सख्खे मोठे भाऊ, कापसाच्या अडतीवर बसायचे. वडील गेल्यावर घराची, शेताची वाटणी अगदी गुण्यागोविंदाने झाली आणि वडिलांच्या आरामखुर्चीपाशी येऊन अडली. ती दादांकडे गेली. तेव्हापासून दोघा भावांत अवाक्षर नाही. घरात मधून भिंत घातली, ती ओसरीपर्यंत आली आणि विटा संपल्या, म्हणून अंगण तेवढं सामाईक राहिलं. बोलायचं ते बायकांच्या तोंडून. एकाने रेडिओ घेतला की दुसऱ्याने महिन्याच्या आत तस्साच घ्यायचा, एवढं मात्र भावाभावांत प्रेम होतं. आता भाऊजींची जन्मात इच्छा एकच, खरा दोन बाजूंचा आवाज एकदा कानांनी ऐकायचा. आणि त्यातली एक बाजू नेमकी दादांच्या घरात!

आठवडाभर एकाच बाजूचं गाणं, नुसती सारंगी ऐकून भाऊजी वाळले. शेवटी ताईच वैतागली, वहिनींना भेटली आणि एका रविवारी सकाळी, माझ्यादेखत, दुसरी वायर भिंतीवरून पलीकडे गेली. दोन्ही रेडिओ आपापल्या खिडकीत, तोंडं अंगणाकडे. भाऊजींनी सुई ठेवली. मग पलीकडून दादांचा आवाज, अर्थात वहिनींना उद्देशून, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा: "त्याले इचार, सारंगी कुठं गेली? सारंगी सोताले ठेवली अन् मले नुसता तबला! वाटणीत लबाडी करते काय?"

भाऊजींनी कपाळावर हात मारला. "वहिनीले सांग," ते ताईला म्हणाले, "अंगणात मधोमध बसल्याशिवाय दोन्हीकडचं बंदं आयकू येत नाई म्हणा." उत्तर आलं, "मी बसन त माह्या खुर्चीवर बसन." म्हणजे ज्या जागेसाठी भाऊजींनी एवढा खटाटोप केला, त्या एकुलत्या एक जागेवर दादा, आणि तेही त्याच खुर्चीत! मला वाटलं, आता तबकडी फुटते. पण भाऊजी मुकाट्याने आत गेले, सुई पुन्हा ठेवली आणि येऊन खुर्चीच्या मागे उभे राहिले.

दादा नाक फुगवून बसले होते. गाणं सुरू झालं. त्यांनी एका खिडकीकडे पाहिलं, दुसऱ्या खिडकीकडे पाहिलं, मग समोर भिंतीच्या टोकाकडे एकटक बघत राहिले. आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मान वळवून सरळ भावाशी बोलले. "अबे! सारंगी तुह्या घरात, तबला माह्या घरात, अन् थे बाई भिंतीत बसली काय बे?"

"हो दादा," भाऊजी म्हणाले. "तिची जागा तीच हाय." आणि डोळे पुसायला लागले. ताई म्हणाली धूळ गेली असेल. धूळ कसली, अंगण सकाळीच सारवलं होतं.

मग दर रविवारी तेच. तबकडी तीच, दादा खुर्चीत, भाऊजी मागे उभे. "जरा सरका, मलेही आयकू द्या," असं त्यांनी कधी म्हटलं नाही, आणि दादांना ते सुचण्याचा प्रश्नच नव्हता. भिंत कोणी पाडली नाही. "बाई कुठं बसन मंग?" दादा विचारायचे.

पुढे दादा गेले. वहिनी अकोटला मुलाकडे राहायला निघाल्या, तेव्हा जाताना रेडिओ आणि आरामखुर्ची भाऊजींच्या दारात ठेवून गेल्या. मी गेलो तेव्हा अंगणात सगळं पुन्हा जागच्या जागी मांडलेलं होतं. दोन रेडिओ, समोर मधोमध खुर्ची. ज्यासाठी हा माणूस जन्मभर तडफडला ते सगळं आता त्याचं होतं. भाऊजींनी सुई ठेवली आणि सवयीने खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले.

"बसा ना भाऊजी," मी म्हटलं. "मधोमध बसल्याशिवाय ऐकू येत नाही ना?"

"नाई येत," ते म्हणाले. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "पण खुर्ची दादाची हाय."