पत्त्यावरची खूण

बाळांनो, तुमच्या आजीची एक चूक तुम्हाला तिच्याकडूनच कळावी, म्हणून हे लिहिते आहे.

दोन हजार सालानंतर काही वर्षे मी लंडनमधल्या हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीने एका लहान कंपनीत कामाला जात असे. रुग्णाच्या उशाशी असतो त्या मॉनिटरची ऑपरेटिंग सिस्टीम आम्ही तयार करत होतो. तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, मी लिहीत असे. त्यावर चालणारा प्रोग्राम माझी मैत्रीण लिहायची. ती मूळची मुंबईची ज्यू, माझ्याशी मराठीत बोलणारी. तिची नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

मेमरीतल्या प्रत्येक जागेला पत्ता असतो. आमच्या पत्त्यांचे शेवटचे तीन बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे अंक, नेहमी शून्यच असत. त्या रिकाम्या बिटांत मैत्रीण आपली खूण ठेवायची: इथे नाडीची नोंद, इथे रक्तदाबाची. कर्नेलने जागा गाठताना खूण बाजूला काढायची, पण पत्ता परत देताना खुणेसकट द्यायचा, असे ठरले होते.

चाचणीत मॉनिटर कधी कधी मधेच थांबू लागला. पडद्यावर तिच्या प्रोग्रामचे नाव येई. तीन आठवडे ती चूक शोधत होती. शेवटी साहेब तिला म्हणाले, "सोमवारपर्यंत सापडली नाही, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

डबा उघडताना तिने मला विचारले, "तुझं कर्नेल बघू का गं एकदा?"

"माझं? तिथे धूळसुद्धा सापडायची नाही."

"हो बाई, तुझ्या घरी चमच्यांनाही नंबर असतील!" ती हसली, पण जेवली नाही.

शनिवारी मी माझे काम उघडले, ते केवळ तिला 'बघितले, स्वच्छ आहे' असे सांगता यावे म्हणून. क्वचितच लागणाऱ्या एका भागात मी पत्त्याची प्रत न काढता मूळ पत्त्यावरचीच खूण पुसली होती. शेजारी माझीच टीप होती: 'नीटनेटके केले.' पत्ता खुणेविना परत गेला की तिच्या प्रोग्रामला नोंद ओळखता येत नसे, आणि तो थांबे.

"अहो, चूक माझीच आहे," मी तुमच्या आजोबांना म्हणाले.

"मग मला काय सांगतेस? तिला फोन कर."

फोनवर मी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मला हे काम येतच नाही, असं वाटायला लागलं होतं गं."

सोमवारी तिच्यासमोरच मी साहेबांना सगळे सांगितले. तिची नोकरी टिकली. पुढे तिने जेव्हा जेव्हा "बघू का एकदा?" असे विचारले, तेव्हा मी उठून तिला माझ्या खुर्चीत बसवले.