झुल्माबाईंच्या नावाची बरणी

साल्तो गावात कुणाचं लग्न ठरलं, की झुल्माबाई भरलेला गॅस सिलिंडर पाठवायच्या. बाळंतिणीला तीन दिवस पुरेल एवढं कालवण, वाढदिवसाला हिवाळ्यापुरतं सरपण, दूर राजधानीत, मोंतेविदेओत राहणाऱ्या नातीला दर मार्चला शाळा उघडताना शाळेचे बूट. भेट खाऊन संपावी, जळून जावी, नाहीतर झिजावी, असा बाईंचा कायदा. शेजारची ओफेलिया तोंडावर म्हणायची, "झुल्मा, तू मेलीस की फुलांऐवजी साबणाच्या वड्या वाहू तुला!"

"वाहा. पण वेष्टन फोडू नका, कुणाच्यातरी उपयोगी पडतील."

त्यांची आई गेली तेव्हा चिनी मातीचे हंस, कुत्री आणि परडीवाल्या पोरी यांनी खचाखच भरलेली चार कपाटं झुल्माबाईंनी एकटीनं उपसली होती. भाऊ फिरकले नाहीत, आणि हंस तर कुणी फुकटही नेईना. आपला पसारा कुणाच्या गळ्यात बांधायचा नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. मला विचाराल तर बाई शहाणी. पण शहाण्या माणसाकडे फारसं कुणी येत नाही, हेही तितकंच खरं.

गेल्या नोव्हेंबरात नातीला, लुइसानाला, पंधरावं लागलं. झुल्माबाई नवे बूट पिशवीत घालून सहा तासांचा बसप्रवास करून गेल्या. नात मैत्रिणींना आपलं फडताळ दाखवत होती. "हा हंस आत्याचा, ही बाहुली दुसऱ्या आजीची, हे घड्याळ काकाचं..."

"आणि या आजीचं काय गं?" एका मैत्रिणीनं झुल्माबाईंकडे बोट दाखवून विचारलं.

लुइसानानं फडताळ वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही आजी ना... बूट देते. फाटले ते."

सगळ्या हसल्या, झुल्माबाईही हसल्या. परतीच्या बसमध्ये मात्र त्यांना रडू आवरेना. नऊ जोड बूट दिले, आणि लेकीच्या घरात आपली आठवण म्हणून एक खिळासुद्धा नाही.

हंस घ्यायला त्या दुकानाच्या दारापर्यंत गेल्या आणि तशाच परतल्या. जित्याची खोड! मग त्यांनी संत्र्यांचा मुरंबा केला, जाड काचेच्या सुबक बरणीत भरला आणि आयुष्यात पहिल्यांदा भेटीवर चिठ्ठी चिकटवली : आजी झुल्मा. मुरंबा संपेल, पण बरणी राहील. पोरगी तिच्यात पेन्सिली ठेवेल, नाहीतर बटणं. बसच्या पार्सलनं बरणी रवाना झाली आणि बाई फोनची वाट पाहत बसल्या.

तिसऱ्या रविवारी लेकीचा, ग्रासिएलाचा, फोन आला.

"आई, मुरंबा एक नंबर! लुइसानानं शेवटी बोटानं चाटूनपुसून संपवला."

"आणि बरणी?"

"कालच बसनं धाडली. तुझीच लेक ना मी, पसारा ठेवते होय? लुइसानाच म्हणाली, आजीला अडगळ आवडत नाही. तिनंच घासली. चिठ्ठी निघता निघेना, गरम पाण्यात भिजवून नखानं खरवडली पोरीनं."

"बरं केलंत," झुल्माबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्थानकावरून पार्सल आणलं. बरणी लखलखीत होती, मुरंब्याचा वाससुद्धा उरला नव्हता. त्यांनी ती पुन्हा एकदा पुसली आणि इतकी वर्षं रिकाम्या ठेवलेल्या आपल्या फडताळात मधोमध ठेवली. कुणाकडून आलेली आणि त्या घरात राहिलेली ती पहिलीच वस्तू.